तोंडची कोरड

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. तू, वहिनी आणि मुली मजेत असाल. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या भाऊजींचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा ते स्वतः जास्त कुरकुरतात. एकूण सगळं ठीक.

तीन गल्ल्या सोडून राहणारी बहीण पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. फोनच करणार होते. पण मला राग आला की तोंड आणखी कोरडं पडतं. जीभ टाळूला चिकटते, शब्द अर्धे आतच राहतात, आणि मी अडखळले की तू लगेच म्हणतोस, "ताई, राहू दे, दमू नकोस." अरे, मला दमायचं असतं! सुरू केलेलं भांडण शेवटापर्यंत न्यायचं असतं. कागदावर लाळ लागत नाही, म्हणून कागद.

तर मुद्द्याचं. परवा सोमवारी मी नेहमीच्या वेळी आपल्या ड्रायव्हिंगच्या शाळेत आले. फळ्यावर सकाळच्या गाडीपुढे माझं नाव पुसून तुझं लिहिलेलं. मला वाटलं, चूक झाली असेल. खडू घेऊन दुरुस्त करायला गेले, तर आपली ऑफिसातली मुलगी चाचरत म्हणाली, "मॅडम, सरांनी सांगितलंय, तुम्ही आता आतच बसायचं. लायसन्सचे अर्ज भरून घ्यायचे आणि फोन घ्यायचे."

फोन! ज्या बाईला बोलायला त्रास होतो म्हणून गाडीतून उतरवलं, तिला फोनवर बसवलं. ही अक्कल तुझी एकट्याची, की कुणाची मदत घेतलीस?

छोट्या, बाबांच्या पश्चात ही ड्रायव्हिंग स्कूल आपण दोघांनी उभी केली. या गावात ज्या बायका आज ऐटीत गाडी हाकतात, त्यांतल्या निम्म्या माझ्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकल्या. फार लांब कशाला, तुलाही मीच शिकवलं. पहिल्याच दिवशी तू रिव्हर्समध्ये गाडी शाळेच्या फाटकात घातलीस आणि उतरून म्हणालास, "फाटक मध्ये आलं." तुला मी फळ्यावरून पुसलं नव्हतं.

तुझं म्हणणं असेल की मला पूर्वीसारखं बोलता येत नाही. नाही येत. रेडिएशननं जिभेच्या मुळाशी असलेली गाठ जाळली, तिच्याबरोबर लाळेच्या ग्रंथीही भाजल्या. म्हणून मला दर थोड्या वेळानं घोटभर पाणी लागतं. पण म्हणून शिकवणं थांबलंय का? मी खुणा ठरवल्यात. डॅशबोर्डवर एक टकटक म्हणजे वेग कमी, दोन म्हणजे गिअर बदला, आणि तळहात आपटला म्हणजे थांबा नाहीतर मी थांबवते. माझ्या पायाखाली जादा ब्रेक आहेच. खरं सांगू? माणसं आता जास्त चांगली शिकतात. पूर्वी मी ओरडायचे तेव्हा त्यांचे पाय थरथरायचे.

उपचार चालू होते तेव्हा तू मला रोज हॉस्पिटलला नेलंस, आणलंस. एक दिवस चुकवला नाहीस. ते मी विसरलेले नाही आणि मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या जोरावर तू माझी गाडी काढून घ्यावीस, असा काही करार झालेला मला आठवत नाही.

मला माझी सकाळची बॅच परत हवी. आणि ती का काढलीस, याचं खरं कारण हवं. "आराम कर" हे कारण नव्हे.

कळावे, आणि या वेळी नीट कळावे.

तुझी
ताई

ता. क. पाण्याच्या बाटलीविषयी मी वर एक अक्षरही लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

छोट्या,

आशीर्वाद आहेतच. ते माझ्या रागावर अवलंबून नसतात, हे तुझं नशीब.

वहिनीच्या हाती पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. "ताई, गैरसमज नको. तुझ्या तब्येतीसाठीच केलंय. लोक काहीबाही बोलतात, आपल्याला शाळेचं नाव सांभाळायचं आहे. तू समजूतदार आहेस." एवढीशी चिठ्ठी, पण मी ती वाचून उभ्या उभ्या पेटले. लोक काय बोलतात ते लिहायची हिंमत नाही, आणि वर मला समजूतदार म्हणतोस! लहानपणी मोठा लाडू तुला हवा असला की तू मला समजूतदार म्हणायचास.

मी वहिनीला विचारलं, "लोक म्हणजे कोण? आणि काय बोलतात?" ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "ताई, मी सांगितलं म्हणून सांगू नका हं." आता मी तुला सांगतेच आहे. तिला एका शब्दानं बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

तर ते आपले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. नवी गाडी घेऊन ठेवलीय आणि चढ दिसला की डोळे मिटतात, ते. ते तुला एकट्याला गाठून म्हणाले की, "मॅडमची जीभ जड असते. डोळे लाल असतात. तोंडाचा वास लपवायला सारखं काहीतरी चघळतात. आणि बाटली काही हातातून सुटत नाही. दुखणं काढलंय, मन रमवायला घेत असतील, मी समजू शकतो. पण गाडीत नको."

समजू शकतो म्हणे! अरे, काय डोंबल समजलं त्यांना? जीभ जड असते कारण ती ओली नसते. कोरड्या टाळूवर "स" म्हणून बघ, "श" होतो. डोळे लाल असतात कारण घशाला कोरड पडून झोप तुकड्या-तुकड्यांत होते. चघळते ते बिनसाखरेचं च्युइंगगम, डॉक्टरांनीच सांगितलेलं, त्यानं एखादा थेंब लाळ सुटली तर सुटते. आणि अल्कोहोल म्हणशील, तर मला चुळा भरायच्या औषधातसुद्धा ते चालत नाही. एकदा चुकून तसली बाटली आणली तर तोंडात निखारा धरल्यासारखं झालं, मी बेसिनला धरून उभी राहिले. आणि म्हणे ही बाई गाडीत बसून दारू पिते!

बरं, ते परके. त्यांचं मी मनावर घेतलं नसतं. चढावर नेऊन सोडलं असतं, हिशेब मिटला असता.

पण तू काय केलंस?

आता बाटलीचं लिहिते. गेल्या शनिवारी सकाळी मी गाडीच्या मागच्या चाकाची हवा बघायला वाकले होते. तुला मी दिसले नाही. उठता उठता मागच्या काचेतून तू मला दिसलास. पुढचं दार उघडून आत वाकला होतास. दाराच्या खणातली माझी बाटली काढलीस. झाकण फिरवलंस. नाकाशी धरलीस. थोडा थांबलास. परत नाकाशी धरलीस. मग झाकण लावून, बाटली होती तशी, तिच्यावरचं चित्रसुद्धा त्याच बाजूला येईल अशी ठेवलीस, आणि शिटी वाजवत ऑफिसात गेलास.

मी खाली बसले. चाकाला टेकून. तेवढ्यात आलेली पहिली विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पंक्चर आहे का?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार?

ती हुंगायची पद्धत, छोट्या. ती तुला कुणी शिकवली? मीच शिकवली. तू दुसरीत-तिसरीत असशील. बाबा लोकांना गाडी शिकवायला निघायच्या आधी मी तुलाच त्यांच्या थर्मासकडे पाठवायचे, कारण तू लहान, तुझा संशय यायचा नाही. "एकदा हुंग, मग थांब, परत हुंग. चहाच्या वासाखाली तो दुसरा वास दडलेला असतो. आणि झाकण होतं तसंच लाव." तू अगदी मन लावून करायचास. वास आला की दारात येऊन डोकं खाजवायचास, आणि मी मागच्या चाकाची हवा सोडायचे. बाबा सगळ्या गल्लीला शिव्या देत चाकाशी बसायचे आणि आपण दप्तरं घेऊन शाळेत जायचो. आज तरी बाबांच्या गाडीखाली कुणी येणार नाही, या खुशीत.

आपण या गोष्टी कधी बोललो नाही. आईपुढे नाही, तुझ्या बायकोपुढे नाही, एकमेकांतही नाही. आज मी लिहितेय, कारण शनिवारी तू मला त्या थर्मासच्या मागे नेऊन बसवलंस. बाबांच्या जागेवर. मला! जिनं त्या वासापायी लग्नाच्या जेवणात कुणी पेला पुढे केला तरी ताटावरून उठायचं धोरण ठेवलं.

तू मला तोंडावर विचारलं असतंस, "ताई, पितेस का गं?" तर मी तुझ्या एक कानफटात ठेवून दिली असती, तू गाल चोळला असतास आणि विषय तिथंच संपला असता. पण तू विचारलं नाहीस. चोरून हुंगलंस. आणि वास आला नाही, तरी माझं नाव पुसलंस! म्हणजे बाटली निर्दोष सुटली आणि मला शिक्षा झाली.

रोज मला हॉस्पिटलच्या दारात सोडणारा तू. जाळीचा मुखवटा लावून मला टेबलाला जखडायचे, तो मुखवटा बघून बाहेर जाऊन उलटी करणारा तू. तुला माझ्या तोंडाचं काय झालंय ते माहीत नव्हतं? मग त्या बँकवाल्याला कुठून माहीत असणार?

आता माझं मागणं ऐक. सोमवारी सकाळी ते येतील तेव्हा सगळ्यांसमोर त्यांना सांगायचं, "माझी बहीण पीत नाही." बस्स. कॅन्सरचं काढायचं नाही, रेडिएशनचं काढायचं नाही, लाळ-बिळ काही नाही. दया आली म्हणून मला सोडलेलं नको आहे. उद्या एखाद्या धडधाकट बाईला नुसतीच तहान लागत असेल, तर तिनं काय गळ्यात सर्टिफिकेट अडकवून पाणी प्यायचं?

जमत नसेल तर तसं कळव. मी माझी वेगळी गाडी घेईन, वेगळी पाटी लावीन, आणि पाटी तुझ्यापेक्षा मोठी असेल.

पूर्ण शुद्धीत लिहिणारी,
ताई


मंगळवार, १८ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. काल सगळं झाल्यावर तू माझ्याशी बोलायला म्हणून गाडीपाशी आलास आणि टायरकडे बघून परत गेलास. मीही आरसा पुसत राहिले. राहिलेलं लिहून टाकते.

रविवारी दुपारी तू न सांगता आलास, तेव्हा मी जेवत होते. तुझ्या भाऊजींचं कधीच आटपून ते आडवे झाले होते. माझं जेवण आता असंच, एकटीचं. तुला दारातूनच परत पाठवायचं माझ्या मनात होतं, पण तोंडात घास होता आणि तो काही केल्या खाली जात नव्हता. रागात असतानासुद्धा गिळण्यासाठी थांबावं लागतं, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

तू समोर बसलास. पाव सुपात बुडवायचा, तोंडात घोळवायचा, वर पाण्याचा घोट, हनुवटी छातीला लावायची, गिळायचं, अडकलं की परत घोट. तू बघत राहिलास. सूप निवलं, वर साय धरली, तरी माझा पाव संपेना. तू एकदाही घड्याळ बघितलं नाहीस, ते मी पाहिलं. मग म्हणालास,

"रोज असंच?"

"रोज."

"हे कधी बरं होणार?"

"नाही होणार."

तुझा चेहरा बघवेना, म्हणून मी ताटात बघितलं. गेल्या तपासणीला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, जी लाळ आतापर्यंत परत आली नाही ती आता फारशी येणार नाही, याच्यासोबतच राहायचं. दातही सांभाळायचे, लाळ नसली की ते भराभर किडतात, आणि रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात काढणं म्हणजे नवं संकट. हे मी घरी येऊन कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या भाऊजींनी पेढे आणले होते रे. "सुटलीस एकदाची," म्हणून सगळ्यांना वाटत होते. त्यांच्या हातात पेढ्यांचा खोका असताना कसं सांगणार?

तू म्हणालास, "मग मला तरी सांगायचंस."

मी म्हटलं, "तू विचारलंस?"

"तूच म्हणायचीस ना, मी ठणठणीत आहे म्हणून!"

"आणि ते तुला पटलं? बाटलीतलं पाणी पटलं नाही, आणि हे पटलं?"

यावर तू रडलास. भाऊजी उठून आले आणि तुला पाणी द्यायला लागले. मला त्याही वेळी राग आला. वाटलं, या घरात माझ्या पाण्याला मोल नाही आणि याला मात्र आयता पेला. हसू नकोस, खरंच आला.

आता कालचं. मला वाटलं होतं, तू त्या गृहस्थांना कोपऱ्यात नेशील आणि हळू आवाजात मिटवशील. तू तसं केलं नाहीस, हे मी लिहून ठेवते. ते आले तेव्हा बाकावर चार-पाच शिकाऊ माणसं बसलेली, ऑफिसातली मुलगी दारात. वहिनीनं आधीच त्यांच्या बायकोला फोन करून माझ्या आजाराचं सांगितलेलं दिसत होतं, कारण ते आल्या आल्या म्हणायला लागले, "अहो, मला काय कल्पना! बाईंना एवढं मोठं दुखणं झालं, आणि मी भलतंच..."

तू त्यांना मध्येच तोडलंस. "दुखण्याचं सोडा, साहेब. माझी बहीण पीत नाही. हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, ती चूक माझी."

एवढं मी मागितलं होतं. पुढचं मी मागितलं नव्हतं, "तिच्याकडे शिकायचं नसेल तर गावात दुसऱ्या शाळा आहेत," हे. बाकावरची सगळी माणसं जमिनीकडे बघायला लागली. तो माणूस लाल झाला, आणि तरी येऊन माझ्या गाडीत बसला, याचं मला कौतुक वाटलं. चढावर गाडी बंद पडली, मागे घसरली, मी ब्रेक दाबला. परत बंद पडली. मग कशीबशी वर चढली आणि ते घाम पुसत म्हणाले, "मॅडम, माफ करा." मी दोनदा टकटक केली. गिअर बदलायचा राहिला होता.

तर हे असं झालं. फळ्यावर माझं नाव परत आलं. ते तू स्वतःच्या हातानं लिहिलंस, आणि नेहमीप्रमाणे वेलांटी चुकवलीस. मी समाधानी आहे का? नाही. मला मागावं लागलं, हे मला अजून लागतं. लागत राहील बहुतेक. आपल्या माणसाकडे आपल्या अब्रूसाठी अर्ज करावा लागतो, ही काही बरी गोष्ट नाही.

आणखी एक आहे. ते शुक्रवारच्या पत्रात लिहायला बसले होते, पण हात चालला नाही.

त्या शनिवारी मागच्या काचेतून तुला बघितलं, तेव्हा मला पहिला राग आला नाही. आधी भीती वाटली. तू बाटली नाकाशी धरलीस आणि मी मनात म्हटलं, वास आला तर? सकाळी मी स्वतः नळाखाली भरलेली बाटली. तरी वाटलं, जसं काही मी रोज लपवूनच पितेय आणि आज सापडणार. तू झाकण लावलंस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग या सुटल्यासारखं वाटण्याचाच राग आला, आणि तो सगळा तुझ्यावर निघाला.

बाबा जाऊन इतकी वर्षं झाली. मला वाटायचं, त्यांचं भय फक्त मीच अंगावर वागवतेय, तू लहान होतास, विसरला असशील. तू विसरला नव्हतास. एवढीशी गोष्ट आपल्याला एकमेकांना सांगता आली असती, तर त्या बँकवाल्याची काय बिशाद होती?

म्हणून आता तुला विचारते, कारण मला कुणी विचारलं नाही. तुला रात्री झोप येते ना? बाबांचं काही स्वप्नात येतं का? येत असेल तर येऊन सांग. माझं जेवण आता लांबतंच, बसायला भरपूर वेळ असतो. मध्ये थांबून घोट घ्यावे लागतील, तेवढं सोसायचं.

रागावलेली आहे, पण तुझीच,
ताई